'वाफ सोड'

१

दार उघडलं, वाफेचा लोट छताला जाऊन भिडला, आणि तो विरल्यावर आत जे दिसलं त्याला फिटर म्हणायला कुणाची जीभ रेटेना.

तो दाराला लागूनच पडला होता. मुठीत पाना तसाच होता. आतून त्यानं दारावर इतके घाव घातले होते की पोलादाला खळगे पडले होते, आणि दाराच्या कडेच्या रबरात त्याची दोन नखं रुतून राहिली होती. चेहऱ्याचं मी सांगणार नाही. रोज सकाळी "काय व्याकरणबाई, आज कुठला शब्द फासावर चढवला?" असं विचारून हसणारा तो चेहरा होता, एवढं सांगते आणि पुढं जाते.

आमचा कारखाना रबरी नळ्यांचा. कच्च्या नळ्या एका आडव्या टाकीत ठेवायच्या, दार लावायचं, वाफ भरायची. तासाभरात रबर पक्कं होतं. टाकी एवढी मोठी की माणूस ताठ चालत आत जाईल. दोन वर्षांपासून ही सगळी यंत्रं एक एआय चालवायचा. कामगार त्याला 'मुकादम' म्हणत. खांद्याला लावलेल्या छोट्या वायरलेसवर त्याला काम सांगायचं, की तो त्याच्याकडच्या चाळीस साधनांपैकी योग्य ते निवडून वापरणार. एक साधन वाफ भरायचं, एक वाफ काढायचं, एक पंखे लावायचं, असं. कुठलं साधन काय करतं आणि कधी वापरायचं, हे तो प्रत्येकाच्या लिखित वर्णनात वाचून ठरवायचा. ती वर्णनं लिहिण्याची नोकरी माझी. आधी वीस वर्षं शाळेत भाषा शिकवली, म्हणून नाव पडलं व्याकरणबाई.

"यानंच मारला!" कुणीतरी ओरडलं.

बॉयलरवाला दाबाच्या काट्याजवळ उभा होता. त्याचा एक डोळा आधीच काळानिळा होता. रविवारी फिटरनंच त्याला फाटकासमोर लोळवला होता. बॉयलरवाला फिटरच्या धाकट्या बहिणीचा नवरा, आणि त्या बहिणीचा हात वर्षात दुसऱ्यांदा मोडला होता. हे सगळ्या कारखान्याला ठाऊक. मग काय, दहाबारा जण नळ्यांचे तुकडे घेऊन त्याच्यावर तुटून पडले. भरीव रबराचा फटका हाडापर्यंत जातो. फोरमननं मध्ये पडून त्याला ओढून काढलं तेव्हा त्याचे दोन दात जमिनीवर होते आणि तो रक्त थुंकत एकच सांगत होता, "मी हात नाही लावला. मुकादमाला विचारा!"

अर्ध्या तासात पोलीस आले. फौजदारबाईंनी सगळ्यांना दूर सारलं, आणि मुकादमाच्या नोंदीतला शेवटचा हुकूम मोठ्या आवाजात लावायला सांगितला.

आवाज फिटरचाच होता. शांत, रोजचा. "मुकादम, वाफ सोड."

२

फौजदारबाईंचा डावा कान एका दरोडेखोराच्या काठीनं कायमचा गेला होता. त्यामुळे त्या प्रत्येकाला सगळं दोनदा सांगायला लावत.

"तुम्ही माझ्या उजवीकडे बसा," त्या मला म्हणाल्या. "वर्णनं तुमची, म्हणजे संशय तुमच्यावरही आहे. पण या यंत्राची भाषा इथं दुसऱ्या कुणाला येत नाही. आणि पडद्याकडे पाठ करा. सध्या तुम्ही काही वाचायचं नाही."

कंट्रोल रूममध्ये आम्ही पाच जण होतो: त्या, त्यांचा हवालदार, मी, फोरमन आणि जावईबापू. जावईबापू म्हणजे मालकांचा जावई. कारखाना तेच बघायचे. तोंडावर सगळे साहेब म्हणत.

"आत बसून कुणी 'वाफ सोड' कशाला म्हणेल?" फौजदारबाईंनी विचारलं.

"त्याची रीतच होती," फोरमन म्हणाला. "टाकीतून वाफ बाहेर जायचं एक भोक आहे. त्यात रबराची काजळी साठते. तो रिकाम्या टाकीत शिरायचा, भोकावर तळवा धरायचा आणि म्हणायचा, 'वाफ सोड.' मुकादमानं बाहेरची झडप उघडली की तळव्याला ओढ लागते. ओढ नाही लागली तर पाइप तुंबलाय. दर शुक्रवारी, पावणेबाराला. घड्याळ लावून घ्यावं."

"हे कुणाकुणाला माहीत?"

"कुणाला नाही ते विचारा."

"पण वाफ सोड म्हणजे आत सोड की बाहेर सोड?"

हे मला होतं. मी म्हणाले, "म्हणून तर तो शब्द मी वर्णनात कुठंच वापरत नाही. कैदी सोडला तर तो बाहेर जातो, कुत्रं सोडलं तर ते अंगावर येतं. वाफ कुणासारखी, ते यंत्रानं कसं ठरवायचं? मी एका साधनाला 'वाफ भरा' म्हटलं, दुसऱ्याला 'वाफ काढा'. पण माणसं थोडीच तसं बोलतात! म्हणून 'वाफ काढा'च्या खाली एक वाक्य टाकलं होतं: कामगार याला 'वाफ सोड' म्हणतात."

फौजदारबाईंनी ते मला पुन्हा सांगायला लावलं, आणि मग त्या भिंतीवरच्या स्पीकरकडे वळल्या.

"मुकादम, तू वाफ का भरलीस?"

"मला 'वाफ सोड' असं सांगितलं गेलं. 'वाफ भरा' या साधनाच्या वर्णनात लिहिलेलं होतं की कामगार याला 'वाफ सोड' म्हणतात. म्हणून मी ते वापरलं. त्यात दार आपोआप लागतं."

"आता तसं लिहिलेलं आहे?"

"नाही. आता ते वाक्य 'वाफ काढा'च्या वर्णनात आहे."

"कधी बदललं?"

"मला माहीत नाही. दर वेळी त्या क्षणी जे लिहिलेलं असेल ते मी वाचतो. जुना मजकूर माझ्याकडे राहत नाही. काय केलं आणि का केलं, एवढीच नोंद राहते."

"तो ओरडलेलं तुला ऐकू आलं?"

"आलं. मी लगेच वाफ बाहेर काढायला घेतली. दाब पूर्ण उतरल्याशिवाय दार उघडत नाही. त्याला चार मिनिटं लागली. तेवढा वेळ मी त्याच्याशी बोलत होतो."

"काय बोललास?"

"'दार उघडतोय' एवढंच. शेवटची दोन मिनिटं त्यानं उत्तर दिलं नाही."

फोरमननं तोंड फिरवलं.

जावईबापूंनी मात्र टेबलावर हात आपटला. "यंत्र थापा मारतंय, बाई! पडद्यावर बघा. सगळं जागच्या जागी आहे. आत माणूस असेल तर वाफ भरायची नाही, हेसुद्धा लिहिलंय. नियम होता, यंत्रानं मोडला. संपलं!" असं म्हणून ते वर आपल्या ऑफिसात निघून गेले.

हवालदारानं पडद्यावरचा मजकूर छापून फौजदारबाईंच्या हातात दिला. त्यांनी तो दोनदा वाचला, घडी घालून खिशात ठेवला आणि माझ्याकडे पाहिलं.

"साहेब म्हणतात ते खरंय. नियम लिहिलेला आहे. शेवटचं जतन करणारी व्यक्ती: तुम्ही. तारीख: आजची."

३

"मी आज त्या कॉम्प्युटरला हात लावलेला नाही," मी म्हणाले.

सकाळी आठपासून बोंब होईपर्यंत मी मागच्या शेडमध्ये होते. नवीन बावीस बायकांना मुकादमाशी कसं बोलायचं ते शिकवत होते. मधे पाणी प्यायलासुद्धा उठले नव्हते. नंतर टाकीपाशी, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत. मात्र कंट्रोल रूममधला तो कॉम्प्युटर कायम माझ्याच नावानं उघडा असायचा. कुणीही यावं, काहीही लिहावं. मी दोनदा तक्रार केली होती. मजकूर जतन केला की तारीख राहायची, वेळ राहायची नाही, आणि जुना मजकूर पुसला जायचा.

बावीस बायकांना विचारून हवालदार परत आला. "खरंय," म्हणाला. "बाई हलल्या नाहीत. उलट बायका वैतागल्यात, एकच वाक्य दहादा म्हणायला लावलं म्हणून."

मग फोरमन. त्याचं फिटरशी वाकडं नव्हतं. बोंब झाली तेव्हा तो यार्डात ट्रकवर होता. "धावत आलो, अँब्युलन्सला फोन केला, मग त्या बॉयलरवाल्याला वाचवत बसलो," म्हणाला. दुसऱ्यांदाही तेच म्हणाला.

मग बॉयलरवाल्याला आत आणलं, तोंडाला फडका बांधलेला. "मला तो मेलेला हवा होता," तो सरळ म्हणाला. "पण मला नीट लिहिता येत नाही. सही कशीबशी करतो."

"मग आज काय केलंस ते सांग."

"नऊला पहिला घाणा लावला. मी म्हटलं, 'मुकादम, वाफ भर.' त्यानं भरली."

"त्यानं तुला काही विचारलं?"

"कशाला विचारेल? दार लावलं, भरली. रोजच्यासारखी."

"दुसऱ्यांदा सांग."

"सांगतो की! एक शब्द बोलला नाही. भरली."

फौजदारबाईंनी हे स्वतःच्या हातानं लिहून घेतलं. त्यात लिहिण्यासारखं काय होतं, मला कळेना.

तेवढ्यात दारात फिटरची बहीण उभी राहिली. उजवा हात कोपरापर्यंत प्लास्टरमध्ये. तिनं नवऱ्याकडे एकदाच पाहिलं. तो खाली बघायला लागला.

"दादाला यानं नाही मारलं," ती म्हणाली. "याच्यात तेवढी अक्कल नाही. गेल्या वर्षी त्या टाकीत एक म्हातारा भाजून मेला, आठवतंय? आत माणूस असला की वाफ चढू न देणारा एक स्विच होता. तो दादानं तोडला होता. काम झपाट्यानं व्हावं म्हणून वरून सांगितलं गेलं होतं. चौकशीत ठरलं, म्हाताऱ्याची हलगर्जी. तेव्हापासून दादाला झोप नव्हती. सोमवारी चौकशी पुन्हा उघडणार होती. तो खरं सांगणार होता. स्विच मी तोडला, आणि कुणी तोडायला लावला, तेही."

"कुणी?"

"नाव नाही सांगितलं. म्हणाला, तुला कळलं तर तुझंही बरंवाईट होईल."

फौजदारबाईंनी खिशातला छापील कागद काढला, उलगडला आणि माझ्यापुढं ठेवला.

"आता वाचा. आणि चूक कुठं आहे ते सांगा."

४

मी वाचलं. एकदा, मग बोट ठेवून पुन्हा.

*वाफ काढा: टाकीतली वाफ पाइपातून बाहेर काढून टाकते. दार उघडण्याआधी वापरावे. कामगार याला 'वाफ सोड' म्हणतात.*

*वाफ भरा: दार लावून टाकीत वाफ भरते. दाराशी उभ्या असलेल्या माणसाने 'आत कोणी नाही' असे तोंडी सांगितल्याशिवाय कधीही वापरू नये.*

"चूक नाही," मी म्हणाले. "चूक नाही, हीच तर भानगड आहे. हे शेवटचं वाक्य माझंच आहे. पण ते मी अजून घातलेलंच नाही!"

"समजेल असं सांगा."

"आधीच्या मजकुरात ते नव्हतं. स्विच आहे, तो सांभाळेल, असं आम्हाला सांगितलेलं होतं. पण म्हाताऱ्याचं प्रकरण माझ्या डोक्यातून जाईना. म्हणून काल संध्याकाळी मी दोन्ही वर्णनं नव्यानं लिहिली आणि हे वाक्य जोडलं. एका कागदावर, हातानं. मंजुरी मिळाल्याशिवाय मला काही बदलायची परवानगी नाही. मंजुरी अजून आलेली नाही."

"कागद कुणाला दिला?"

मी सांगितलं.

फौजदारबाईंनी कंट्रोल रूमचं दार ओढून घेतलं. "मुकादम, टाकी धुऊन रिकामी केली आहे. पंचनामा झाला आहे. वाफ भर."

"दाराशी उभ्या असलेल्या माणसानं आत कोणी नाही असं सांगावं," मुकादम म्हणाला. "त्याशिवाय मी भरणार नाही."

"राहू दे. भरू नकोस." त्या उठल्या. "नऊ वाजता त्यानं बॉयलरवाल्याला हे विचारलं नव्हतं. आता विचारतोय. म्हणजे हे वाक्य नऊनंतर आलं. पावणेबाराला असतं, तर फिटर वाचला असता. म्हणजे ते तो मेल्यावर आलं. तुम्ही तेव्हा टाकीपाशी सगळ्यांच्या डोळ्यांदेखत होता, आणि मी आल्यावर माझ्या हवालदाराच्या शेजारी. मग तुमचं वाक्य तिथं उमटवलं कुणी?"

५

जावईबापूंचं ऑफिस वरच्या मजल्यावर होतं. मोठ्या काचेतून खाली टाकी दिसायची. टेबलावर नळ्यांना लावायची लोखंडी तोंडं ओळीनं मांडलेली होती, नमुन्यादाखल.

"साहेब, एक अडचण आहे," फौजदारबाई म्हणाल्या. "या बाई म्हणतात, त्यांनी काल तुम्हाला नव्या वर्णनांचा कागद दिला, आणि तो म्हणे कारखानाभर फिरला. कुणीही पाहिला असेल."

"फिरला?" जावईबापू हसले. "काहीच्या काही. माझ्याकडचा कागद असा फिरत नसतो. काल हातात आला तसा या खणात टाकला आणि कुलूप लावलं. किल्ली माझ्या खिशात."

"फोरमननं पाहिला असेल?"

"छे."

"सासऱ्यांनी?"

"सांगतोय ना, कुणी पाहिला नाही!"

"पुन्हा एकदा सांगा. मला या कानानं ऐकू येत नाही."

"मी सोडून कुणीही तो कागद पाहिलेला नाही!"

"बरं झालं," फौजदारबाई म्हणाल्या. "आता मी सांगते. बोंब झाली तेव्हा सगळे टाकीकडे धावले. तुम्ही दहा मिनिटं उशिरा आलात. अँब्युलन्सला फोन करत होतो, असं तुम्ही हवालदाराला सांगितलंत. फोन फोरमननं केला होता. तुम्ही कंट्रोल रूममध्ये होता. आज पावणेबाराच्या आधी तुम्ही तिथं जाऊन एक वाक्य एका वर्णनातून उचललं आणि दुसऱ्यात टाकलं होतंत. चुकून वाक्य गळतं, साहेब. चुकून ते उठून दुसऱ्या घरात राहायला जात नाही. शुक्रवार, पावणेबारा, फिटर आत शिरून स्वतःच्या तोंडानं काय म्हणणार, ते तुम्हाला पाठ होतं. त्याचा मृत्यू त्याच्याच जिभेवर ठेवलात. मग मजकूर पूर्ववत करायचा होता, पण जुनी नक्कल जवळ नव्हती. खणात बाईंचा कागद होता. दोन्ही वर्णनं आयती. तुम्ही ती जशीच्या तशी उतरवली. नियम लिहिलेला दिसला तर यंत्रावर खापर फुटेल, हा हिशेबही जमला. फक्त ते वाक्य काल संध्याकाळपर्यंत जगात नव्हतं, आणि आज ते दोनच माणसांना माहीत होतं. त्यातली एक आधी बावीस बायकांसमोर होती आणि नंतर टाकीपाशी सगळ्यांसमोर."

जावईबापू उठले. त्यांनी खिशातून किल्ली काढली, खण उघडला, आणि कागद बाहेर काढतात असं वाटेपर्यंत तो चुरगळून तोंडात कोंबला.

हवालदार पुढं झाला. जावईबापूंनी टेबलावरचं लोखंडी तोंड उचलून त्याच्या कपाळावर हाणलं. हाड वाजलेलं मी ऐकलं. दुसरा वार माझ्यावर होता. मी हात मध्ये घातला आणि मनगटातून वीज गेल्यासारखं झालं. मी खाली पडले. त्यांनी माझे केस मुठीत धरून मला काचेकडे फरफटत नेलं. "तुझं एक वाक्य!" ते तोंडातल्या कागदासकट ओरडत होते. "कुणी मागितलं होतं तुझ्याकडे ते वाक्य?"

काचेला तडा गेला तो माझ्या डोक्यानं. दुसऱ्या धडकेला मी खालीच गेले असते.

फौजदारबाईंनी मागून त्यांच्या गुडघ्यात लाथ घातली. ते टेबलावर कोसळले, आधारासाठी उजव्या हातानं उघडा खण पकडला, आणि फौजदारबाईंनी पूर्ण अंगाचा भार देऊन तो खण बंद केला. चार बोटं आत होती. त्यांचं ओरडणं यार्डातल्या ट्रकपर्यंत गेलं म्हणे. ओरडताना तोंडातून कागद बाहेर पडला. ओला, लाळेनं माखलेला, पण अक्षर माझंच, आणि शेवटचं वाक्य धड वाचता येत होतं.

"म्हातारा मेला तेव्हाच फिटरला गप्प राहायला सांगितलं होतं," बेड्या पडल्यावर ते कण्हत म्हणाले. "गप्प राहिला असता तर काय बिघडलं असतं त्याचं?"



६

संध्याकाळी चौकीत माझ्या डोक्याला सात टाके आणि मनगटाला फळी होती, डाव्या. हवालदार वाचला, हे नुकतंच कळलं होतं.

बॉयलरवाल्याला सोडून दिलं होतं. तो बाहेर बाकावर बसून बायकोची वाट पाहत होता. एका हातात तिची पिशवी. चूक नसताना मार खाल्ला, असा चेहरा.

ती त्याच्याकडे गेली नाही. सरळ आत आली आणि फौजदारबाईंच्या समोर बसली.

"माझ्या दादाला यानं मारलं नाही, हे सिद्ध झालं ना?"

"झालं."

"मग आता माझं लिहून घ्या. माझं वेगळं आहे." तिनं प्लास्टरचा हात टेबलावर ठेवला. "मला लिहिता येत नाहीये. तुमचा लिहिणारा दवाखान्यात आहे. या बाई लिहितील?"

फौजदारबाईंनी कागद माझ्याकडे सरकवला. ती सांगत गेली, मी लिहीत गेले. अशा कागदांची एक ठरलेली भाषा असते. आपोआप हातातून उतरते. मी वाचून दाखवलं: "घरगुती वादातून मारहाण झाली व त्यात उजवा हात मोडला."

"झाली नाही," ती म्हणाली.

"काय?"

"मारहाण झाली नाही. त्यानं केली. हात मोडला नाही. त्यानं मोडला, दाराच्या फटीत धरून. म्हाताऱ्याच्या कागदावरसुद्धा असंच लिहिलं होतं, अपघात घडला म्हणून. दादा रोज वाचायचा तो."

बाहेर बाकावर पिशवी खसखसली. बॉयलरवाला उठून दाराशी आला होता, आणि आत यावं की नाही ते त्याला ठरवता येत नव्हतं.

मी लिहिलेलं फाडून टाकलं. नवा कागद घेतला, आणि पहिल्या वाक्याच्या पहिल्या जागी त्याचं पूर्ण नाव लिहिलं.